पाव मैलाची बरोबरी, कोटींचा फरक

१९७० सालच्या नव्या गाड्या अमेरिकेतल्या मोटार-मासिकांच्या हाती आल्या, तेव्हा त्यांतल्या दोन गाड्यांची चर्चा फार झाली. एक होती शेवरलेची शेवेल एसएस ४५४, तीही ‘एलएस६’ हे खास इंजिन बसवलेली. दुसरी प्लिमथची हेमी कुडा. उभ्या जागेवरून सुटून पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, गाडी किती सेकंदांत कापते, ही अमेरिकन ड्रॅग रेसिंगची कसोटी. या दोघींनी ते अंतर साधारण १३ ते साडेतेरा सेकंदांत कापलं आणि शेवटची रेघ ओलांडताना दोघींचा वेग ताशी १७० किलोमीटरच्या पुढे गेलेला होता. एका मासिकात ही पुढे, तर दुसऱ्यात ती. चालवणारा गिअर किती चपळाईनं बदलतो, टायर किती पकड धरतात, मागच्या ॲक्सलचं गुणोत्तर काय आणि त्या दिवशी हवा कशी, यांतून जेवढा फरक पडतो, तेवढाच त्यांच्यात होता. आणि या शर्यतीसाठी वेगळ्या बांधलेल्या गाड्या नव्हत्या. शोरूममध्ये जाऊन, हप्ते बांधून, कुणीही घरी आणाव्यात अशा होत्या.

अर्धशतक उलटल्यावर चित्र पार बदललं आहे. खरी, कागदपत्रांसह असलेली एलएस६ शेवेल आज साधारणपणे एक ते दोन लाख डॉलरच्या पट्ट्यात मिळते. बंद टपाची १९७०ची हेमी कुडा त्याच्या दुप्पट-तिप्पट मागते. आणि उघड्या टपाची, १९७१ सालची हेमी कुडा जून २०१४मध्ये सिएटलला मीकम कंपनीच्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली, त्या वेळच्या दरानं सुमारे २१ कोटी रुपये. एकाच वेगाच्या दोन गाड्यांमध्ये एवढी दरी कशी पडली, हे समजून घ्यायचं तर इंजिनाच्या आत डोकवावं लागतं, त्या काळच्या विम्याच्या हप्त्यांकडे पाहावं लागतं, आणि इंधनाच्या टाकीवर चिकटलेल्या एका चिठोऱ्याचीही दखल घ्यावी लागते.

या दोन्ही नावांशी मुंबईचं जुनं नातं आहे. जनरल मोटर्सनं १९२८ साली मुंबईत, शिवडीला, गाड्या जोडण्याचा कारखाना सुरू केला होता आणि १९५०च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथून शेवरले गाड्या बाहेर पडत होत्या. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या सहकार्यानं डॉज, डिसोटो आणि प्लिमथ या गाड्या जोडल्या. ऐसपैस बाकं आणि लांबलचक बॉनेट असलेल्या त्या गाड्या मुंबईच्या रस्त्यांवर टॅक्सी म्हणून वर्षानुवर्षं धावल्या. त्या मात्र शांत, कुटुंबवत्सल गाड्या होत्या. त्याच कंपन्यांनी पुढे आपल्या देशात जे घडवलं, ते इथपर्यंत आलंच नाही. १९७० साली आपल्याकडची ॲम्बेसेडर दीड लिटरच्या इंजिनावर चालत होती. एलएस६ शेवेलचं इंजिन होतं ७.४ लिटरचं.

या दोघी ज्या जातीच्या, तो ‘मसल कार’ हा प्रकार रूढ झाला १९६४च्या पॉन्टिॲक जीटीओपासून. त्यामागची कल्पना साधी आणि धाडसी होती. मध्यम आकाराची, फार महाग नसलेली गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीचं इंजिन बसवायचं. जनरल मोटर्सचा अंतर्गत नियम असा होता, की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. कंपनीच्याच पॉन्टिॲक विभागातले जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८९ घन इंचांचं इंजिन ‘जादा पर्याय’ म्हणून यादीत घातलं आणि नियमाला वळसा दिला. गाडी धडाक्यात खपली. नियम शिथिल होऊन मर्यादा ४०० घन इंचांवर आली आणि १९७०च्या मॉडेलांसाठी तीही उठली. शेवरलेचे इंजिनियर या दिवसाची वाटच पाहत होते.

एलएस६ हे त्या वाट पाहण्याचं फळ. ४५४ घन इंच, आकडेवारीत ४५० अश्वशक्ती आणि ५०० फूट-पाउंड टॉर्क. त्या काळच्या अमेरिकन कंपन्यांनी नेहमीच्या विक्रीच्या गाडीला दिलेल्या अश्वशक्तीच्या आकड्यांत हा सर्वोच्च आकड्यांपैकी एक आहे. दाब गुणोत्तर ११.२५ला १. क्रँकशाफ्ट आणि पिस्टन ओतीव नव्हे, घडाई करून बनवलेले. चार नळ्यांचा एकच हॉली कार्बोरेटर. बॉनेटच्या मागच्या टोकाला, काचेच्या पायथ्याशी, एक झडप असे. गाडी वेगात असताना काचेपुढे हवेचा दाब वाढतो. चालकानं पाय पूर्ण दाबला की ती झडप उघडायची आणि ती थंड, दाबाची हवा थेट कार्बोरेटरकडे जायची. ‘काउल इंडक्शन’ या नावानं ही सोय ओळखली जाते. भडक जाहिरातबाजी नाही, पण इंजिनियरनं मन लावून केलेलं काम आहे.

हेमीचं घराणं मात्र शर्यतीच्या मैदानातलं. क्रायस्लरनं ४२६ घन इंचांचं, म्हणजे ७ लिटरचं, हे इंजिन मुळात फक्त जिंकण्यासाठी बांधलं. फेब्रुवारी १९६४मध्ये डेटोना ५०० या शर्यतीत ते पहिल्यांदा उतरलं आणि पहिले तिन्ही क्रमांक प्लिमथनं घेतले. रिचर्ड पेटी पहिला आला. हे इंजिन सर्वसामान्य ग्राहकाला विकलं जात नाही, मग ते शर्यतीत का चालवायचं, असा आक्षेप आला आणि १९६५च्या हंगामासाठी नॅसकार संघटनेनं त्याला दार बंद केलं. क्रायस्लरनं उत्तर म्हणून १९६६ साली रस्त्यावर चालवण्याजोगी हेमी विकायला काढली. म्हणजे ग्राहकाला जे इंजिन मिळत होतं, ते शर्यतीच्या नियमांची पूर्तता करण्यासाठी थोडं माणसाळवलेलं रेसिंग इंजिनच होतं. त्याचा अवाढव्य आकार आणि वजन पाहून लोकांनी त्याला ‘एलिफंट’ हे टोपणनाव दिलं.

दोन्ही इंजिनांचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, अगदी सारखा आहे: सव्वाचार इंच. फरक आहे तो वरच्या भागात, सिलिंडर हेडमध्ये. इंधन आणि हवा जिथे पेटते, ती हेमीची पोकळी अर्ध्या गोलासारखी आहे. त्यामुळे आत हवा घेणारा व्हॉल्व्ह एका बाजूला आणि धूर सोडणारा व्हॉल्व्ह समोरच्या बाजूला, दोन्ही भरपूर मोठे, बसवता येतात. हवा एकीकडून येते, सरळ रेषेत पलीकडून बाहेर पडते. प्लग मधोमध असल्यानं ज्वाला सगळीकडे समान पसरते. वेग वाढत जातो तसं हे इंजिन खुलत जातं. पण याची किंमतही मोजावी लागते. हेड रुंद होतं, व्हॉल्व्ह हलवणारी यंत्रणा गुंतागुंतीची होते, वजन वाढतं. शेवरलेनं मधला मार्ग काढला. पूर्ण गोलार्ध न करता व्हॉल्व्ह वेगवेगळ्या कोनांत तिरके बसवले. वरून पाहिलं की ते इतके वेडेवाकडे दिसतात, की या हेडला ‘पॉर्क्युपाइन’ हे नाव पडलं. हवेचा प्रवाह हेमीच्या जवळपास जाईल इतका चांगला, आणि बांधणी खूपच सोपी. शिवाय स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा प्रवास, शेवरलेत ४ इंच आणि हेमीत पावणेचार. लांब स्ट्रोकमुळे शेवेलला खालच्या वेगातच जोर मिळतो. तिचा कमाल टॉर्क मिनिटाला ३,६०० फेऱ्यांना येतो, हेमीचा ४,०००ला.

हेमीची जाहीर शक्ती होती ४२५ अश्वशक्ती. हा आकडा १९६६पासून १९७१पर्यंत एका अंकानंही बदलला नाही, यावरूनच तो किती खरा मानायचा ते लक्षात येतं. त्या काळी ‘ग्रॉस’ पद्धतीनं मोजमाप होत असे. इंजिन गाडीबाहेर काढून, एअर फिल्टर आणि सायलेन्सरसारखी शक्ती खाणारी अंगं न जोडता, मोजायचं. १९७२पासून ‘नेट’ पद्धत आली आणि सगळ्याच कंपन्यांचे आकडे धाडकन खाली आले. त्यामुळे एलएस६चे ४५० मोठे की हेमीचे ४२५, या वादात फारसा अर्थ नाही. हेमीची खरी शक्ती जाहीर आकड्यापेक्षा बरीच जास्त असावी, असं बहुतेक जाणकार मानतात. पाव मैलाचा काटा त्यांच्या बाजूनं साक्ष देतो. कमी घनइंचाची, कमी जाहीर शक्तीची कुडा शेवेलच्या खांद्याला खांदा लावून पळत होती.

अंगकाठीनं या दोघी फार वेगळ्या. शेवेल मुळात कुटुंबाची गाडी. मागे तीन माणसं नीट बसतील, डिकीत सामान राहील. खाली वेगळी चौकट, चारही चाकांना गुंडाळी स्प्रिंग. कुडा त्यापेक्षा आखूड, रुंद आणि बुटकी. काटेकोर बोलायचं तर ती मस्टँगच्या वर्गातली ‘पोनी कार’. कुडा हे जिच्या नावाचं छोटं रूप, ती मूळ बॅराकुडा १ एप्रिल १९६४ला बाजारात आली, फोर्डच्या मस्टँगच्या सोळा दिवस आधी, पण मस्टँगच्या झंझावातात ती झाकोळली गेली. १९७०साठी प्लिमथनं सगळी गाडी नव्यानं काढली. जॉन हर्लिट्झ यांनी रेखाटलेला तो आकार अमेरिकन मोटारींच्या इतिहासातल्या सर्वांत देखण्या आकारांपैकी एक आहे. लांब नाक, आखूड शेपूट, मागच्या चाकांवर फुगलेले खांदे. पुढचा भाग मुद्दाम रुंद ठेवला, कारण आत हत्ती मावला पाहिजे. एअर स्कूप बॉनेटला नव्हे, थेट इंजिनाला जोडलेला आणि बॉनेटला पाडलेल्या भोकातून वर आलेला. इंजिन थरथरलं की स्कूपही थरथरतो, म्हणून त्याचं नाव ‘शेकर’. जांभळा, पोपटी, भडक नारिंगी असे रंग त्या वर्षी कंपनीनं दिले. आजच्या पांढऱ्या-करड्या गाड्यांच्या गर्दीत ते रंग पाहिले, की त्या काळच्या कारखान्यांत केवढी हौस होती ते जाणवतं.

चालवायला कोणती बरी? इथे शेवेलचं पारडं जड आहे. तिचा एक कार्बोरेटर जुळवून ठेवणं सोपं. जोर खालीच मिळत असल्यानं शहरातल्या रहदारीत ती कुरकुरत नाही. हेमीवर दोन चार-नळी कार्बोरेटर. ते एकमेकांशी जुळवायला जाणता हात लागतो आणि जुळलेले राहतील याची खात्री नाही. हेमी कुडाच्या नाकात जड लोखंड भरलेलं असल्यानं वळणावर ती सरळ जायला बघते. वातानुकूलन मागितलं तरी हेमीबरोबर मिळत नसे. पण चौथ्या गिअरपर्यंत इंजिन ओढत नेलं, की हेमीचा जो आवाज आणि जी ओढ येते, तिला तोड नाही असं तिचे मालक सांगतात, आणि त्यांच्या बोलण्यात अतिशयोक्ती फारशी नाही. या ताकदीनं मागचा ॲक्सल पिळवटू नये म्हणून हेमी कुडाच्या मागच्या डाव्या आणि उजव्या पाट्यांच्या स्प्रिंगांची रचनाच वेगळी ठेवली होती. एका बाजूला सहा पूर्ण पाटे, दुसऱ्या बाजूला पाच पूर्ण आणि दोन अर्धे. कारखान्यातून निघालेल्या गाडीत असली तजवीज करावी लागणं, यातच सगळं आलं.

आता किमतीच्या कोड्याकडे. १९७० साली साध्या कुडाची मूळ किंमत ३,१६४ डॉलर होती. हेमी इंजिनासाठी वर ८७१ डॉलर द्यावे लागत, म्हणजे गाडीच्या पाव किमतीहून जास्त रक्कम फक्त इंजिनासाठी. त्याच दुकानात ४४० घन इंचांचं, तीन कार्बोरेटरचं इंजिन अडीचशे डॉलरच्या आत मिळत होतं आणि रस्त्यावर ते हेमीच्या फारसं मागे पडत नव्हतं. शहाण्या माणसानं काय घेतलं असेल, ते उघड आहे. शेवरलेच्या शोरूममध्ये ४५४चं पॅकेज घेतल्यावर एलएस६साठी आणखी सुमारे २६३ डॉलर मोजले की काम झालं. परिणाम आकड्यांत दिसतो. १९७० साली एलएस६ इंजिनं बसली ४,४७५ गाड्यांना. त्यांत एल कॅमिनो हा तिचा पिकअप भाऊही धरला आहे. त्याच वर्षी बंद टपाच्या हेमी कुडा निघाल्या ६५२ आणि उघड्या टपाच्या फक्त १४. १९७१मध्ये ही संख्या शंभराच्या थोडी वर, आणि कन्व्हर्टिबल जेमतेम ११.

म्हणजे आज जिच्यासाठी कोटींच्या बोल्या लागतात, ती गाडी त्या वेळी कुणाला परवडत नव्हती आणि पुष्कळांना नकोही होती. कारण विमा. ज्या तरुणांसाठी या गाड्या बांधल्या, त्यांच्याच डोक्यावर विमा कंपन्यांनी भरमसाट हप्ते लादले. मोठ्या इंजिनाच्या गाडीचा विम्याचा हप्ता गाडीच्या हप्त्याशी स्पर्धा करू लागला. उघड्या टपाच्या गाड्यांची मागणी तर एकूणच घसरत होती. हेमी हवी, शिवाय टप उघडा हवा, असा ग्राहक १९७१ साली मिळणं जवळपास अशक्य होतं. जे अकरा जण असे निघाले, त्यांच्या त्या वेळच्या हौसेवर आजची लिलावांची बाजारपेठ उभी आहे.

अरबांनी तेल रोखलं आणि मसल कार संपली, असं सर्रास लिहिलं जातं. ते अर्धवट खरं आहे. तेलबंदी ऑक्टोबर १९७३मधली. हेमी त्याआधी दोन वर्षं, १९७१च्या मॉडेलांबरोबर, बंद झाली होती. शेवेलमधली एलएस६ तर एकाच वर्षाची पाहुणी ठरली. १९७१ साली ती शेवेलमध्ये मिळेनाशी झाली आणि दाब गुणोत्तर कमी करून फक्त कॉर्व्हेटमध्ये, अवघ्या १८८ गाड्यांत, बसली. याचं कारण जनरल मोटर्सचे अध्यक्ष एड कोल यांचा निर्णय. १९७१पासून कंपनीची सगळी इंजिनं कमी ऑक्टेनच्या, कमी शिशाच्या पेट्रोलवर चालली पाहिजेत, असं त्यांनी ठरवलं. पुढे येऊ घातलेल्या धूरनियंत्रक उपकरणांना शिसं चालणार नव्हतं. १९७० संपता संपता अमेरिकेत स्वच्छ हवेचा कडक कायदाही झाला. विमा आणि कायदा यांनी आधीच घेरलेल्या या गाड्यांवर तेलबंदीनं शेवटचा घाव घातला, इतकंच. बॅराकुडाचं उत्पादन १ एप्रिल १९७४ला थांबलं. ती बाजारात आली त्याला त्या दिवशी बरोबर दहा वर्षं झाली होती.

संग्राहकाच्या दृष्टीनं मात्र निव्वळ संख्येपेक्षा एक गोष्ट फार महत्त्वाची आहे, ती म्हणजे पुरावा. इथे प्लिमथचा ग्राहक सुखी आहे. हेमी कुडाच्या गाडी-क्रमांकातलं पाचवं अक्षर ‘आर’ असतं, आणि ‘आर’ म्हणजे हेमी. म्हणजे गाडी कारखान्यातून कोणत्या इंजिनासह निघाली, हे तिच्या जन्मदाखल्यातच कोरलेलं आहे. शिवाय बॉनेटखाली पत्र्याची एक पट्टी असते, तिच्यावर इंजिन, रंग, गिअरबॉक्स यांचे संकेत ठोकलेले. मागच्या सीटच्या स्प्रिंगांमध्ये कारखान्याचा कामाचा कागदही कित्येकदा सापडतो. शेवेलचं तसं नाही. १९७० साली एसएस हे शेवेलच्या मालिबू या प्रकारावर चढवलेलं पॅकेज होतं. गाडी-क्रमांक वाचून एवढंच कळतं की ही आठ सिलिंडरची मालिबू आहे. ती एसएस आहे का, तिच्यात ४५४ होतं का, आणि ते एलएस६ होतं का, याबद्दल क्रमांक मुका आहे. अमेरिकेत विकलेल्या शेवेलची गाडीनिहाय नोंदही कंपनीकडून मिळत नाही. कॅनडात विकलेल्या गाड्यांची मिळते, म्हणून कॅनडातून आलेल्या एलएस६ला खरेदीदार वेगळा मान देतात.

मग उरतात दोन-तीन वाटा. इंजिनावर ठोकलेला संकेत आणि गाडीच्या क्रमांकाचा अंश जुळतो का ते पाहणं. हातोडा मारून नवे आकडे ठोकण्याची कला काही लोकांनी चांगलीच साधली आहे, त्यामुळे एवढ्यावर विसंबता येत नाही. पहिल्या मालकाला वॉरंटीसाठी दिलेली धातूची छोटी पट्टी मिळाली तर उत्तम. आणि सगळ्यांत मोलाचा ठरतो तो बिल्ड शीट नावाचा कागद. गाडी जोडणाऱ्या कामगारांच्या सोयीसाठी छापलेला हा कागद कित्येकदा इंधनाच्या टाकीच्या वरच पडून राहिला. पन्नास वर्षांचा गंज, धूळ आणि उंदरांनी कुरतडलेल्या कडा सोसून तो वाचता येण्याजोगा उरला असेल, तर शेवेलची किंमत हजारो डॉलरनी वर जाते. कारखान्यात ज्याची कुणालाच किंमत नव्हती अशा कागदावर आज गाडीचं भवितव्य ठरतं. हा पुरावा नसल्यामुळे शेवेलच्या बाजारात बनावट एसएसची रेलचेल आहे, आणि खऱ्या गाडीची किंमतही त्या संशयाखाली दबून राहते.

सिनेमानं दोघींनाही हात दिला. ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’ या १९९३च्या चित्रपटात मॅथ्यू मॅकॉनाहीच्या हाती १९७०ची शेवेल होती आणि ‘जॅक रीचर’मध्ये टॉम क्रूझनं तीच पळवली. कुडाचं नाव १९९०च्या दशकात घराघरांत पोहोचवलं ते ‘नॅश ब्रिजेस’ या मालिकेनं. नायक डॉन जॉन्सन पिवळ्या रंगाच्या १९७१च्या हेमी कुडा कन्व्हर्टिबलमधून सॅन फ्रान्सिस्कोत फिरत असे. चित्रीकरणासाठी वापरलेल्या गाड्या हेमीच्या नव्हत्या, साध्या इंजिनांच्या गाड्यांना तसा साज चढवला होता. खऱ्या अकरा गाड्यांपैकी एखादी चित्रीकरणात आपटायला कोण देणार?

बाजारभावाची कहाणी सरळ चढणीची नाही. या गाड्यांच्या काळात जी मुलं शाळा-कॉलेजात होती, ती पन्नाशीत पोहोचली, हातात पैसा आला आणि २००० नंतर भाव पेटले. २००६ साली स्कॉट्सडेलच्या बॅरेट-जॅक्सन लिलावात १९७०ची हेमी कुडा कन्व्हर्टिबल २१ लाख डॉलरच्या पुढे गेली. मग २००८ची मंदी आली आणि उसन्या पैशावर गाड्या घेणारे बाजूला झाले. साध्या मसल कार कोसळल्या, अतिदुर्मीळ कुडा काही वर्षांत पुन्हा उभ्या राहिल्या. २०१४चा ३५ लाखांचा सौदा त्यानंतरचा. मे २०२१मध्ये इंडियानापोलिसला १९७१च्या अशाच एका गाडीवर ४८ लाख डॉलरची बोली लागली आणि मालकानं ती नाकारली. पुढचा प्रश्न वयाचा आहे. १९७० साली अठरा वर्षांचा असलेला मुलगा आता सत्तरी ओलांडून गेला आहे आणि त्याच्यानंतरच्या पिढीचं मन १९८० आणि ९०च्या दशकांतल्या जपानी आणि जर्मन गाड्यांत गुंतलेलं आहे. अकरा गाड्यांसाठी जगात अकरा श्रीमंत सापडत राहतील, त्यामुळे शिखरावरच्या कुडाला धक्का बसेलसं वाटत नाही. मधल्या पायरीवर, बंद टपाच्या हेमी कुडाच्या पातळीवर, मात्र खरेदीदार पातळ होण्याची शक्यता जास्त आहे. तिची किंमत आठवणींवर जेवढी उभी आहे, तेवढी दुर्मीळतेवर नाही.

दरवर्षी ऑगस्टमधल्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा मेळा भरतो. १९६०च्या दशकात याच रस्त्यावर सिग्नल ते सिग्नल शर्यती लागत. जवळपासच्या ट्रॉय, नोव्हाय या उपनगरांत मोटार कंपन्यांत काम करणारी बरीच मराठी कुटुंबं राहतात, त्यांच्यापैकी कुणालाही खुर्ची टाकून हा ताफा फुकट पाहता येतो. तिथे शेवेल मुबलक दिसतात, खऱ्याही आणि सजवलेल्याही. त्यांचे सुटे भाग आजही मिळतात, आणि इंजिन गेलं तर शेवरलेचं नवं बिगब्लॉक बसवून मूळ इंजिन गॅरेजमध्ये जपून ठेवणारे मालक आहेत. अडचण एकच, ११.२५ दाब गुणोत्तराचं इंजिन आजच्या पंपावरच्या पेट्रोलवर ठोकतं. मालक मग शर्यतीचं महाग इंधन मिसळतात किंवा पिस्टन बदलतात. दोन्ही खर्च मिळून हेमीच्या एका नीट दुरुस्तीच्या आसपासही जात नाहीत.

ज्यांना गाडी चालवायची आहे आणि ज्यांच्या हाती बिल्ड शीट लागलं आहे, त्यांनी एलएस६च घ्यावी. एका वर्षापुरतं बनलेलं, त्या युगातल्या सर्वांत जोरकस इंजिनांपैकी एक असलेलं यंत्र अमेरिकेतल्या एका साध्या घराच्या निम्म्या किमतीत मिळतं आहे. तिला पावसाळी ढगांखाली हायवेवर काढताना मालकाला आधी विमा एजंटला फोन करावा लागत नाही.